साधीं पात्रें व बिकट पात्रें

बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक पक्षाकडे सोळा मोहरीं असतात. त्यांतील प्याद्याची चाल लहान मुलासही घटकाभरांत समजते. घोड्याची अडीच घरांची चाल समजावयास मात्र थोडा अधिक वेळ लागतो. तथापि प्याद्यास साधी चाल दिली म्हणून आजवर कोणीं तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण प्यादें, घोडा व वजीर या सर्वांस चालविणारें डोकें एकच असतें. परंतु समजा, प्रत्येक मोहऱ्यामागें एक एक निराळा मुलगा बसविला, प्याद्याच्या मुलास सांगितलें कीं, "तूं एक एक घर पुढें जा," आणि वजिराच्या मुलास सांगितलें कीं, "तुला वाटेल तिकडे जा." तर तो खेळ किती वेळ गोडीनें चालेल? बुद्धिबळांत हा प्रश्न उद्भवत नाहीं. पण एका प्रसिद्ध अर्वाचीन खेळांत तो प्रत्येक बैठकीस उद्भवतो, आणि त्या खेळाचे नियम रचणारे लोक पन्नासांहून अधिक वर्षें त्याचें उत्तर शोधीत आले आहेत. त्या शोधाची हकीकत सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे.

ज्यास इंग्रजींत 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात तोच हा खेळ होय. आपण त्यास सोंगाचा खेळ म्हणूं. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकीं एक एक पात्र घेतात. पात्राचें नांव, त्याचें बळ, बुद्धि, चपळाई व त्याच्याजवळचीं शस्त्रें हें सर्व एका कागदावर लिहिलेलें असतें. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो: "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दारांत उभे आहां. आंत काळोख आहे, आणि कोठून तरी धुराचा वास येत आहे. आतां काय करतां?" मग ज्यानें त्यानें आपल्या पात्राच्या वतीनें उत्तर द्यावयाचें. यश येईल कीं अपयश, अशी जेथें शंका असेल तेथें फांसे टाकून निर्णय करतात. हे फांसे केवळ सहा बाजूंचे नसतात. चार, आठ, दहा, बारा व वीस बाजूंचेही असतात. या खेळांत खेळाडू बहुधा एकमेकांविरुद्ध नसून एकमेकांचे सोबती असतात. सर्वांनीं मिळून संकटांतून पार पडावयाचें व पडतां पडतां एक गोष्ट रचावयाची, हेंच त्याचें स्वरूप.

या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो रचला, आणि १९७४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवाहून तो प्रसिद्ध झाला. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, एवढाच सारा सरंजाम. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,०००. हे दोघेही मूळचे लष्करी खेळांचे शोकीन. एकोणिसाव्या शतकांत प्रशियाच्या सैन्यांतील अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा अभ्यास करीत. त्याच परंपरेंतून पुढें खेळण्यांतील शिपायांच्या लढाया आल्या. अशा लढाईंत एक खेळाडू सबंध पलटण हांकीत असे. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या खेळांत खेळाडूच्या हातीं पलटणीऐवजीं एकच वीर आला. आणि पटावरील मोहरें तेव्हांपासून माणूस झालें.

पहिल्या पुस्तिकांत पात्रांचे तीनच पेशे होते: योद्धा, जादुगार व धर्मगुरु. पुढें १९७५ सालीं चोर आला, आणि नंतर त्यांत भर पडतच गेली. पेशा म्हणजे पात्राला काय करतां येतें व काय येत नाहीं, हें सांगणारा नियमांचा गठ्ठा. हे सर्व गठ्ठे सारखे जाड नसतात. आणि आपल्या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे.

१९८१ सालीं टॉम मोल्ड्वे यांनीं संपादिलेल्या प्राथमिक पुस्तिकेचें उदाहरण घेऊं. तींत पहिल्या पायरीवरील योद्ध्याचें शरीरबळ आठ बाजूंच्या फांशानें ठरतें. त्यास हवें तें चिलखत व हवें तें शस्त्र वापरतां येतें. जादुगाराचें शरीरबळ चार बाजूंच्या फांशानें ठरतें. त्यास चिलखत वर्ज्य, शस्त्र म्हणून फक्त खंजीर, आणि दिवसांतून एकच मंत्र. तो मंत्र सकाळींच निवडून पाठ करावयाचा. एकदां उच्चारला कीं तो स्मृतींतून पुसला जावयाचा. ही कल्पना जॅक व्हान्स या कथालेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकांतून घेतलेली आहे. येथें दोघां खेळाडूंच्या कामांतील अंतर सहज दिसून येईल. योद्ध्याच्या खेळाडूनें विचारावयाचें तें एवढेंच: "मीं कोणावर वार करूं?" जादुगाराच्या खेळाडूस मात्र मंत्रांचीं पानें वाचावयाचीं, दिवसभरांत काय घडेल याचा अंदाज बांधावयाचा, आणि आपला एकुलता एक मंत्र आतां खर्चावा कीं राखून ठेवावा, याची चिंता वाहावयाची.

मग एकाला सोपें काम व दुसऱ्याला अवघड काम, यांत न्याय कोठें? जुन्या नियमांचें उत्तर असें कीं, काळ हा न्याय करील. योद्धा आरंभीं बलवान, जादुगार आरंभीं दुबळा. पण पुढें पारडें फिरतें. दुसऱ्या पायरीवर चढण्यास योद्ध्यास अनुभवाचे २,००० गुण लागतात, तर जादुगारास २,५०० गुण लागतात. चोराचें काम मात्र १,२०० गुणांतच भागतें. पांचव्या पायरीस पोहोंचलेला जादुगार अग्निगोलाचा मंत्र शिकतो. त्या मंत्रानें सहा बाजूंचे पांच फांसे टाकावयाचे, म्हणजे सरासरीनें साडेसतरांची इजा, आणि तीही आगीच्या घेऱ्यांत सांपडलेल्या प्रत्येक शत्रूस. योद्ध्याची तरवार तेव्हांही एका वेळीं एकाच शत्रूस लागते, आणि आठ बाजूंच्या फांशानें सरासरी साडेचारांची इजा करते. तात्पर्य, ज्यानें आरंभीं सोसलें त्यास शेवटीं फळ, आणि ज्यानें आरंभीं मिरविलें त्यास शेवटीं मागें राहणें, असा तो हिशेब होता. पण हा हिशेब पुरा होण्यास महिनोगणती एकच डाव चालावा लागतो. सुटींत चार दिवस खेळून उठणाऱ्या मुलांस त्याचा काय उपयोग? त्यांच्यापैकीं एकावर नेहमींच अन्याय होणार.

तथापि जुन्या योद्ध्याची एक बाजू विसरतां कामा नये. त्याचे नियम थोडे होते. पण त्याचीं कृत्यें थोडीं नव्हतीं. त्या काळच्या सामानाच्या यादींत दहा फुटांची काठी, पन्नास फूट दोर, बारा लोखंडी खुंट्या, तेलाची कुपी अशा वस्तु असत. योद्ध्याचा खेळाडू म्हणे, "मी काठीनें पुढची फरशी ठोकून पाहतों," किंवा "दाराच्या फटींत खुंट्या ठोकून शत्रूची वाट बंद करतों." यांतील प्रत्येक युक्तीस स्वतंत्र नियम नसे, सूत्रधार ऐकून घेई व निर्णय देई. म्हणजे नियमांचा साधेपणा व विचारांचा साधेपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या कागदावर थोडें लिहिलें आहे, त्याला कागदाबाहेर पाहण्याची संवय लागते. ज्याच्या कागदावर पुष्कळ लिहिलें आहे, तो पुष्कळदां कागदांतच डोकें खुपसून बसतो.

यापुढें प्रकाशकांनीं दुसरा उपाय योजिला. १९७७ सालीं जे. एरिक होम्स यांनीं संपादिलेली प्राथमिक पेटी निघाली, आणि त्याच सालापासून १९७९ पर्यंत 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणजे प्रगत नियमांचे तीन जाड ग्रंथ बाहेर पडले. ज्यास साधें हवें त्यानें पेटी घ्यावी, ज्यास बिकट हवें त्यानें ग्रंथ घ्यावे, अशी ही वांटणी होती. १९८३ सालीं फ्रँक मेंट्झर यांनीं सिद्ध केलेल्या लाल पेटींत तर नवख्या वाचकास एकट्यानें खेळावयाची एक गोष्टच दिलेली आहे, आणि तींत वाचक योद्धा असतो. शिकविण्याची ही रीति उत्तम होती यांत शंका नाहीं. परंतु पेट्या दोन केल्या तरी घरांतील मेज एकच असतें. मोठ्या भावास बिकट आवडतें, धाकट्या बहिणीस साधें आवडतें. दोघांनीं दोन निराळ्या खोल्यांत बसावें कीं काय?

२००० सालीं खेळाची तिसरी आवृत्ति निघाली. तोंवर तो विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या मालकीचा झाला होता. या आवृत्तींत योद्ध्यास विशेष कसबें दिलीं: पहिल्या पायरीवर एक व पुढें प्रत्येक सम पायरीवर एक, म्हणजे विसाव्या पायरीपर्यंत अकरा, आणि हीं सर्व पात्रांस मिळणाऱ्या कसबांखेरीज अधिक. वरवर पाहतां योद्धा पूर्वीसारखाच साधा दिसे. परंतु हीं कसबें लांबलचक यादींतून निवडावयाचीं असत, आणि त्यांतील कांहीं फार उपयोगाचीं तर कांहीं जवळजवळ निरुपयोगी असत. येथें बिकटपणाचे दोन प्रकार ध्यानांत घेतले पाहिजेत. एक, पात्र रचतांना येणारा बिकटपणा. दुसरा, पात्र चालवितांना येणारा बिकटपणा. पहिला घरीं, निवांतपणें सोसावयाचा असतो. दुसरा सर्वांच्या देखत, आपली पाळी आली असतां सोसावयाचा असतो. तिसऱ्या आवृत्तींतील योद्धा चालविण्यास सोपा, पण रचण्यास अवघड झाला. ज्या नवख्या मुलास साधें म्हणून तो पेशा सुचवावा, त्यालाच पहिल्या दिवशीं सर्वांत फसवी यादी वाचावी लागे.

चौथी आवृत्ति २००८ सालीं आली, आणि तिनें धाडसाचा मार्ग धरला. तिच्या मूळ ग्रंथांत सर्व पेशांचा सांगाडा एकच केला. पहिल्या पायरीवर प्रत्येकास हवी तेव्हां वापरावयाचीं दोन कसबें, एका झुंजींत एकदां वापरावयाचें एक, व दिवसांतून एकदां वापरावयाचें एक. मग तो योद्धा असो वा जादुगार असो. न्यायाच्या दृष्टीनें पाहतां ही व्यवस्था निर्दोष म्हणावी लागेल. योद्ध्याच्या खेळाडूसही आतां, "हें आज खर्चावें कीं उद्यांस ठेवावें?" असा विचार करण्याचा मान मिळाला. परंतु ज्यास साधें पात्रच हवें होतें त्याचा आसरा गेला. सर्वांस समान ताट वाढलें, तेव्हां ज्याची भूक लहान त्याची पंचाईत झाली. अखेर त्याच आवृत्तींत २०१० सालीं 'हीरोज ऑफ द फॉलन लँड्स' या पुस्तकांत 'नाइट' व 'स्लेयर' असे दोन सोपे योद्धे नव्यानें द्यावे लागले. त्यांस दिवसांतून एकदांच वापरावयाच्या हल्ल्यांची यादी नव्हती.

२०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीनें या सर्व अनुभवाचा लाभ घेतला. योद्धा हा पेशा एकच ठेवून तिसऱ्या पायरीवर त्यास तीन वाटा फोडल्या. पहिली 'चँपियन' म्हणजे साध्या मल्लाची. दुसरी 'बॅटल मास्टर' म्हणजे डावपेंच जाणणाऱ्या सरदाराची. तिसरी 'एल्ड्रिच नाइट' म्हणजे तरवारीबरोबर मंत्रही वापरणाऱ्याची. दोन्ही भावंडें योद्धेच, पण एकाचा कागद रिकामा व दुसऱ्याचा भरलेला! एका मेजावर साधें व बिकट शेजारीं शेजारीं बसविण्याची ही युक्ति फार चांगली आहे. परंतु या दोन वाटांस दिलेलें मोल सारखें आहे काय, हें गणितानें पाहूं. विद्यार्थ्यांनीं हातीं पेन्सिल घ्यावी.

वार लागतो कीं नाहीं हें वीस बाजूंच्या फांशानें ठरतें. सामान्य योद्ध्याचा फांसा वीसवर पडला तर त्याच्या शस्त्राचे फांसे दुप्पट होतात. साध्या मल्लाचे ते एकोणीसवरही दुप्पट होतात. म्हणजे वीस वारांमागें एक वार त्यास अधिक फळतो. आठ बाजूंच्या फांशाची तरवार धरली तर असा वार सरासरीनें साडेचारांची जादा इजा करतो; ती वीस वारांत वांटली असतां दर वारीं ०.२२५ इतकी पडते. आतां सरदाराकडे पहा. त्यास आठ बाजूंचे चार राखीव फांसे मिळतात, आणि सोळा डावपेंचांपैकीं तीन शिकतां येतात. राखीव फांसा खर्चून तो शत्रूस पाडतो, ढकलतो किंवा त्याच्या हातचें शस्त्र उडवितो, आणि त्या फांशाचा आंकडा इजेंतही मिळवितो. चार फांशांचे सरासरीनें अठरा झाले. आणि तासाभराच्या विसाव्यानंतर ते फांसे पुन्हां हातीं येतात. अठरांस ०.२२५ नें भागा: उत्तर येईल ८०. म्हणजे साध्या मल्लानें एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंत ऐशीं वार केले, तरच तो सरदाराच्या बरोबरीस येईल. एका झुंजींत पांच वार धरले तरी सोळा झुंजी झाल्या. आणि सूत्रधारासाठीं लिहिलेल्या त्याच आवृत्तीच्या ग्रंथांत सबंध दिवसाचा अंदाज सहा ते आठ झुंजींचा दिलेला आहे, शिवाय मधून दोन लहान विसावे! त्यांत शत्रूस पाडण्याढकलण्याचा लाभ आपण हिशेबांतही धरला नाहीं.

एवढ्यावरून साधा मल्ल टाकाऊ ठरतो असें कोणीं समजूं नये. मेजावर कोणी दशांश मोजीत बसत नाहीं. एकोणीस पडले कीं सर्व मंडळी आरोळी ठोकतात, आणि तो आनंद खराच असतो. पण नियम रचणारानें साधेपणाची किंमत लावली आहे, हें या हिशेबावरून स्पष्ट होतें. ज्यानें कमी नियम शिकले त्याच्या पदरीं कमी बळ, असा तो सौदा झाला. हा सौदा मला न्याय्य वाटत नाहीं.

आपल्याकडे मुलें खेळत असतां एखादें लहान मूल हट्ट धरून आंत येतें, तेव्हां मोठीं मुलें त्यास 'कच्चा लिंबू' करतात. त्यानें धांवावें, ओरडावें, पण त्याच्यावर राज्य येत नाहीं, आणि तो बाद झाला तरी डाव थांबत नाहीं. तीन वर्षांच्या मुलास ही सोय गोड वाटते. परंतु ज्या दिवशीं आपण कच्चा लिंबू आहों हें त्या मुलास कळतें, त्या दिवशीं तें खेळ सोडून घरीं जातें. सोंगाच्या खेळांत साध्या पात्रास दुबळें केलें कीं त्याच्या खेळाडूची नेमकी हीच स्थिति होते. तो सर्वांबरोबर बसतो, फांसे टाकतो. पण प्रसंग निभावतो तो जादुगाराच्या मंत्रानें. पुढील खेपेस तो आला नाहीं, तर त्यास खेळाची आवड नव्हती असा निष्कर्ष काढणें चुकीचें होय.

अलीकडे नियमकारांचेंही लक्ष इकडे गेलेलें दिसतें. २०२४ सालीं सुधारून काढलेल्या खेळाडूंच्या ग्रंथांत योद्ध्यासह पांच पेशांस शस्त्रांचें विशेष प्रावीण्य दिलें आहे. कोणतें शस्त्र शत्रूस पाडतें, कोणतें ढकलतें, कोणतें त्याची चाल मंद करतें. त्यास यादी पाठ करावी लागत नाहीं. हातांत जें शस्त्र असेल त्याचा एक गुण ध्यानांत ठेवला कीं पुरे. साधेपणा राखून वजन वाढविण्याची ही दिशा योग्य आहे.

तर मग चांगलें साधें पात्र कसें ओळखावें? माझ्या मतें त्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, त्याचे नियम एका पानांत मावावे. पण त्याचें बळ इतरांच्या बरोबरीचें असावें. दुसरी, त्याची एक तरी गोष्ट अशी असावी कीं ती प्रत्येक बैठकींत सर्वांच्या डोळ्यांत भरेल व दुसऱ्या कोणासही तशी साधणार नाहीं. तिसरी, त्याचें दार बंद नसावें. आज ज्यास साधें हवें त्याला उद्यां थोडें बिकट घ्यावेंसें वाटलें, तर पात्र न बदलतां तें घेतां यावें. बिकट पात्राच्या खेळाडूवरही एक जबाबदारी आहे. आपली पाळी येण्यापूर्वीं त्यानें आपला मंत्र निवडून ठेवावा. योद्ध्याची पाळी अर्ध्या मिनिटांत संपते. जादुगार दहा मिनिटें पुस्तक चाळीत बसला, तर तीं दहा मिनिटें त्याचीं एकट्याचीं नसून मेजावरील सर्वांचीं असतात. मंत्र लहान लहान चिठ्ठ्यांवर लिहून समोर मांडून ठेवले तर हा दोष पुष्कळ अंशीं टळतो.

आणखी एक गोष्ट पालकांस व वडील भावंडांस विशेषेंकरून सांगावीशी वाटते. "ही लहान आहे, हिला योद्धा द्या," असें परस्पर ठरवूं नये. साध्याची आवड वयावर किंवा बुद्धीवर अवलंबून नसते. दिवसभर कचेरींत आंकडेमोड करून आलेल्या वडिलांस संध्याकाळीं एक तरवार व एक फांसा एवढेंच पुरेसें वाटेल; आणि त्यांच्या दहा वर्षांच्या कन्येस मंत्रांचें सबंध पुस्तक हवें असेल. तिला पानें वाचावयास वेळ लागला तर वडिलांनीं शेजारीं बसून मदत करावी. पण पुस्तक तिच्या हातून घेऊं नये. दोन्ही तऱ्हेचीं पात्रें तिच्यापुढें ठेवावीं, प्रत्येकास किती लक्षांत ठेवावें लागतें हें खरें खरें सांगावें, आणि निवड तिची तिला करूं द्यावी.

शाळेंतही एका बांकावर निरनिराळ्या गतीचीं मुलें बसतात, आणि घरांतही निरनिराळ्या आवडीचीं माणसें एकत्र नांदतात. सर्वांस एकच ताट वाढून हा प्रश्न सुटत नाहीं, आणि ज्यानें थोडें मागितलें त्यास खालच्या पंक्तीस बसवूनही सुटत नाहीं. ज्यास जेवढें हवें तेवढें त्यास द्यावें, आणि पंक्तींतील मान मात्र सर्वांचा सारखा राखावा. या सुटींत चार मित्र जमवून हा खेळ मांडण्याचा कोणाचा विचार असेल, तर त्यानें नियमांचें पुस्तक उघडण्यापूर्वीं प्रत्येकास एवढेंच विचारावें: "तुला किती लक्षांत ठेवावयाचें आहे?" आणि मग कोणाचेंही उत्तर आलें तरी त्याच्या पात्रावांचून पार पडणार नाहीं, असा एक तरी प्रसंग आपल्या गोष्टींत आवर्जून घालावा.